कृष्णातचा खुलासा

३ फेब्रुवारी १९७५, सोमवार, संध्याकाळ
जावईबापू आले होते. चेहरा पडलेला. शुक्रवारी फौंड्रीच्या स्टोअरमधून पितळेचा माल चोरीला गेला. स्टोअर कृष्णातच्या ताब्यात, म्हणून त्याला मेमो. सात दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी करू. शुक्रवारी तो रजेवर होता, आईला घेऊन हातकणंगल्याला गेला होता. मंजूर रजेची चिठ्ठी आहे. केस सोपी. चिठ्ठी ठेवून घेतली आणि सांगितलं, घरी जाऊन निवांत झोपा.

खुलासा इंग्रजीतच देणार. इंग्रजीत त्याला एक्स्प्लोजन म्हणतात. कृष्णात म्हणाला, मामा, मेमो मराठीत हाय, उत्तर बी मराठीतच देऊ की. पोराला जग माहीत नाही. मराठीत लिहिलं तर साहेबावर इन्फेक्शन पडत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार
'सर, विथ ड्यू सस्पेक्ट' इथपर्यंत आलो. सुरुवात भारदस्त हवी. जकात नाक्यावर बावीस वर्षं परप्रांतातल्या ट्रकवाल्यांशी इंग्रजी बोललो. एकालाही उलट बोलता आलं नाही. नुसते बघत राहायचे.

ही भाकरी थापता थापता म्हणाली, रजेवर हुता एवढं लिवा आन् द्या की पाठवून. हिचं शिक्षण दुसरी.

६ फेब्रुवारी, गुरुवार
काल डोकं दुखत होतं. आज दीड पान. रजेचा विषय अजून घेतलेला नाही. आधी घराण्याची माहिती, मग स्वभाव. 'माय सन-इन-लॉ इज व्हेरी इन्स्टंट मॅन.' इन्स्टंट म्हणजे निष्पाप.

शेजारच्या नृसिंह मास्तरांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, गणपतराव, मी जरा हात फिरवू का? म्हटलं, अजिबात नको. गल्लीत माझं रिपिटेशन आहे, ते यांना बघवत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार, दुपार
आमची लेक आक्का आली. डोळे सुजलेले. कृष्णातला झोप नाही, जेवण नाही. आबा, झालं का, म्हणून तीनदा विचारलं. सांगितलं, मला फुल कॉन्फरन्स आहे. मग म्हणाली, ती चिठ्ठी तरी द्या, त्येच जाऊन साहेबाला दाखवत्यात. दिली नाही. नुसती चिठ्ठी दाखवायची तर मग मी कशाला आहे? माझा आवाज चढला. ती न जेवताच गेली. वाईट वाटलं. पण घरात एकानं तरी डोकं शांत ठेवायला हवं.

१० फेब्रुवारी, सोमवार
आज मुदत संपते. दुपारी तीन पानं पुरी केली. शेवट 'युवर मोस्ट ऑडियन्स सर्व्हंट'. कृष्णातनं न वाचता सही केली. इंग्रजी वाचायला त्याला जमत नाही. पाच वाजायला दहा कमी असताना कागद ऑफिसात पोचला. आता काळजी नाही. उद्यापासून हिलाही थोडं इंग्रजी शिकवावं.

११ फेब्रुवारी, मंगळवार
रजेची चिठ्ठी माझ्या कोटाच्या खिशातच राहिली. कच्चा कागद काढून बघितला. रजेबद्दल तिसऱ्या पानावर सविस्तर लिहिणार होतो, पण घराण्यातच जागा संपली. हरकत नाही. साहेब शिकलेला असणार, ओळखेल.

चिठ्ठी कृष्णातकडे पाठवून दिली. शिकवणीला ही बसली नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
पत्र आलं. मराठीत. आपल्या तीन पानी पत्राचा अर्थ लागला नाही, मुदतीत खुलासा मिळाला नाही असे समजून आपणास कामावरून कमी करण्यात येत आहे. मी दोनदा वाचलं. वेगळा अर्थ निघत नाही.

कृष्णात बारा तारखेला चिठ्ठी घेऊन गेला होता म्हणे. साहेब म्हणाला, अरे, मुदत गेली की. मालकांकडं कागद गेलाय. मी एवढंच विचारलं हुतं, त्या दिवशी तू हुतास का न्हाईस. कृष्णातनं हे मला सांगितलं नाही. हिच्याकडून कळलं.

साहेबाचं इंग्रजी कच्चं असावं.

२ मार्च, रविवार
कृष्णात हुपरीला गेला, पैंजणांना पॉलिश करायच्या कामावर. कोल्हापुरात कुठल्याच फौंड्रीत त्याला उभं करत नाहीत. चोरीचा डाग. आक्का दोन्ही पोरं घेऊन इथं आली आहे. बोलते माझ्याशी, पण जेवायला वाढलंय, पाणी आलंय, एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला लाज वाटते.

दुपारी सगळी झोपल्यावर एक कोरा कागद घेतला आणि लिहून बघितलं. आय वॉज ऑन लीव्ह. चार शब्द. चारही मला येत होते.