आपली भिंत

११ जुलै १९७४, गुरुवार

पोचले एकदाची. बटाट्यांची पोती, दोन मेंढ्या, एक शिवणयंत्र आणि मी, अशी आठ तासांची वरात ट्रकमधून निघाली होती. खिंडीत थंडीने नाक गळायला लागलं, पण खाली सुलकापाता दिसलं आणि सगळा शीण गेला. पन्नासेक घरं, एक पांढरं चर्च आणि गावाच्या डोक्यावर दगडी भिंतीचं तळं. दवाखाना म्हणजे एक खोली, एक खाट आणि दार न लागणारं कपाट. आरेकिपा शहरातल्या इस्पितळात मी अकरा नर्सांमधली एक होते, इथे एकटीच. मला जाम आवडलं.

राहायची सोय सातुर्निना नावाच्या विधवेकडे आहे. साठीची, वाळकी, दोन्ही वेण्यांची टोकं पाठीवर एकत्र बांधलेली. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली की शहरातल्या बाया इथून तीन आठवड्यांत पळतात, तू दोनांत पळ, म्हणजे माझं सरपण वाचेल. मी हसले, ती हसली नाही. जेवायला काळ्या वाळवलेल्या बटाट्यांचं सूप होतं, कड फुटलेल्या वाडग्यात. चव थेट माझ्या आजीच्या हातची. मी आजीच्या केचुआ भाषेत तसं सांगितलं, तेव्हा म्हातारीने पळी खाली ठेवली. मग म्हणाली की भाषा येते म्हणून कोणी घरचं होत नाही, आणि उद्यापासून हाच वाडगा तुझा, आमच्या भांड्यांना हात लावू नकोस.

१५ जुलै

चार दिवसांत दवाखान्यात आलं ते एक कुत्रं, तेही ठणठणीत. झऱ्यावर बादली भरायला गेले तर बायका गप्प झाल्या. माझी पाठ वळल्यावर एक म्हणाली की ही नर्स सुई टोचून माणसाची चरबी काढते आणि शहरात विकते. दुसरी म्हणाली, मग त्या मेल्चोर मानकऱ्याच्या जाड्या बायकोपासून सुरुवात कर म्हणावं, वर्षभर दुसरीकडे जायला नको. सगळ्या खिदळल्या. विनोद चांगला होता, मलाही हसू आलं होतं, पण मला हसायची मुभा नव्हती.

खरं खुपतं ते निराळंच. स्पॅनिशमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द आहे, त्यामुळे आपल्याला आत घेतलंय की बाहेर ठेवलंय, हे माणसाला कळतच नाही. केचुआत लपायला जागा नाही. इथे माझ्याशी बोलताना सगळे ‘आम्ही’ म्हणतात. आमचं पाणी, आमची वाट, आम्ही हे असं करतो. आरेकिपात मला डोंगरातली म्हणून हिणवायचे, इथे शहरातली म्हणून. एकदा कुणीतरी मला धरून ‘आपण’ म्हणावं, एवढीच माझी भूक आहे. लिहितानाही लाज वाटते.

१९ जुलै

तळ्याची भिंत पुन्हा ढासळली. पावसाळ्यात तिला चीर गेली होती, तेव्हापासून ही तिसरी वेळ म्हणे. पाणी साठलं नाही तर पेरणी नाही, त्यामुळे अख्खं गाव दगड वाहतंय. मीही बाह्या सरसावून गेले. तायता मेल्चोर, म्हणजे मेल्चोरबाबा, गावचा मानकरी आहे. चांदीच्या कड्यांची काठी बाळगतो आणि फार मऊ बोलतो. त्याने माझ्या हातातला दगड काढून घेतला. बाई, म्हणाला, ही भिंत आमची, परक्या हातचा दगड तिच्यात बसत नाही. लोक बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

घरी येऊन रडले. सातुर्निना म्हणाली, बरं झालं, असंच पाहिजे. कसली बाई आहे ही.

२३ जुलै

आज काय झालं ते लिहायला हात शिवशिवतोय. मेल्चोरच्या सुनेचं बाळंतपण अडलं होतं. सकाळपासून दुपारपर्यंत मी घामाघूम. शेवटी मुलगी झाली, दोघी सुखरूप. मेल्चोरने माझे हात हातात घेतले आणि म्हणाला, आपल्या गावाचं भाग्य. आपल्या. मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण परतताना झऱ्यावरच्या त्याच बायकांनी माझी बादली भरून दिली. या पाण्यासारखं पाणी आपल्याला खाली शहरात मिळेल का, असं विचारत होत्या. मी नाही म्हणून जोरात मान हलवली.

सातुर्निनाला सांगितलं. तिच्या हातातून लाकडी पळी पडली.

२५ जुलै, गुरुवार

सातुर्निनाने सकाळीच माझी ट्रंक अंगणात फेकली. म्हणाली, आजच्या ट्रकने चालती हो, माझ्या घरात तुला जागा नाही. शेजारीपाजारी धावून आले. मेल्चोरच्या बायकोने ट्रंक उचलून आत ठेवली आणि मला समजावलं की म्हातारीचं डोकं नवरा गेल्यापासून फिरलंय, आपण तिला सांभाळून घेऊ. ट्रक निघून गेला. मी जिंकले, असं वाटलं. सातुर्निना चुलीपाशी बसून राहिली आणि पुन्हा त्याच फुटक्या वाडग्यात मला जेवण वाढलं. दुसरं भांडं मागितलं तर हातावर फटका मारला.

२८ जुलै

राष्ट्रीय सण. चौकात बँड, भाजलेले गिनीपिग, मक्याची दारू. माझ्यासाठी मेल्चोरशेजारी घोंगडी अंथरली होती. चार पेले झाल्यावर तो उठला आणि सगळ्यांसमोर मला विचारलं की पोरी, भिंत कोण धरून ठेवणार. मी छाती फुगवून म्हणाले, आपण.

बँड थांबला. पुरुषांनी टोप्या काढल्या. एका म्हाताऱ्याने माझ्या कपाळाला ओठ टेकवले. इतका मान मला जन्मात मिळाला नव्हता. फक्त सातुर्निना पाठ करून बसली होती.

२९ जुलै

मेल्चोर दवाखान्यात आला आणि पुन्हा तेच विचारलं. मी हसत म्हणाले, आपणच की तायता, दुसरं कोण. त्याने बोटावर दोन मोजले आणि गेला.

दुपारी दोन बायका माप घ्यायला आल्या. घागरा शिवायचाय म्हणे. लोकरीच्या दोरीने मोजलं. कंबर नाही मोजली. टाळूपासून टाचेपर्यंत मोजलं, आणि मग खांद्यांची रुंदी. दोरीला गाठी मारल्या.

३० जुलै

भिंतीकडे जाऊन आले. तिच्या पायाच्या दगडांत एक खड्डा आहे, उभा, अरुंद, आतून लिंपलेला. परवा पहिली ऑगस्ट, धरणी तोंड उघडते तो दिवस. आजी घराच्या कोपऱ्यात खड्डा करून तिला मक्याची दारू पाजायची, कोकाची पानं भरवायची. तो खड्डा ओंजळीएवढा असायचा. या खड्ड्याच्या काठावर लोकरीची दोरी ठेवली होती. गाठी मारलेली.

खिंडीकडे चालत सुटले. अर्ध्या वाटेवर लोक बसले होते, सूत कातत, गप्पा मारत. कुणी आवाज चढवला नाही. बाई, वाट चुकलात, आपलं घर इकडे, म्हणाले आणि दंडाला धरून परत आणलं. दंडावर पाच बोटं उमटली आहेत.

३१ जुलै

सातुर्निना आज बोलली. अंगण झाडत, माझ्याकडे न बघता.

तिचा नवरा आन्सेल्मो बाहेरचा, पुनो शहरातला सुतार. चर्चचं दार करायला आला आणि राहिला. सव्वीस वर्षं भिंत उभी होती ती त्याच्यावर. परक्याला पुरलं तर ती चोरी, धरणी थुंकून टाकते, म्हणाली. आपलं माणूस लागतं. आणि पोटचं कोण देतंय? म्हणून बाहेरचं आणतात आणि आपलं करतात. तीनदा विचारतात. तीनदा त्याच्याच तोंडून यायला हवं.

मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस. म्हणाली, तुला ‘आपण’ ऐकायचं होतं, माझं नव्हतं ऐकायचं. मग झाडू थांबला. त्याला ‘आपण’ म्हणायला मीच शिकवलं गं, म्हणाली. नवी नवरी होते. त्याचा उच्चार चुकायचा, मला हसू यायचं.

उद्या तिसऱ्यांदा विचारतील. ‘तुम्ही’ म्हणायचं, म्हणाली. तुमची भिंत, तुम्ही धरा. मग कुणी बोट लावू शकत नाही. उद्या गुरुवार, ट्रक येईल. एक शब्द, बस्स. दिवसभर घोकतेय. तुम्ही तुम्ही तुम्ही.

१ ऑगस्ट

आपण लवकर उठलो.

नाही. मी उठले. मी.

जमीन गरम लागतेय पायाला. बाहेर सगळं पांढरं, दहिवर पडलेलं, आणि आत जमीन गरम. सातुर्निनाने फुटक्या वाडग्यात सूप दिलं. परकीच ठेवलंय मला अजून. किती चांगली आहे. आपल्याला कळलंच —

मला कळलंच नाही.

वाडगा धुतला आणि फळीवर ठेवला. त्यांच्या भांड्यांत. का ठेवला? सातुर्निनाने पाहिलं. तोंडावर शाल ओढली तिने.

खिंडीत हॉर्न. ट्रक आहे. अर्धा तास फार तर.

अंगणात सगळे. टोप्या हातात. सातुर्निना दारात आडवी उभी, कुणाला आत येऊ देत नाही. मेल्चोर बाहेरूनच विचारतोय. मऊ आवाज. पोरी, भिंत कोण धरून ठेवणार.

उत्तर येतं मला. जीभ मात्र — म्हणून लिहून ठेवते, वाचून दाखवेन. उत्तर: आपण

खोडलं. पुन्हा. उत्तर: आपण

हात ऐकत नाही. पुन्हा

सातुर्निना ओरडतेय, म्हण गं पोरी, तुम्ही म्हण, कागद बघून म्हण. तिला वाचता येत नाही. कागदावर काय आहे तिला दिसत नाही. उभी राहतेय मी. वाचतेय. आप