पाऊण तासाची झोप

ती. ताई,

धाकट्या रफअतचा सलाम. तुझे गुडघे आणि अलेक्झांड्रियातली तुमची लिफ्ट, यांपैकी निदान एक तरी चालत असेल अशी आशा करतो. भावोजींनाही सलाम.

माझ्या मूत्राशयातली गाठ खरवडून काढली, हे तुला ठाऊक आहेच. (लहानपणी कालव्यात डुंबलो, तिथला किडा हा असा पन्नास वर्षांनी निघाला म्हणे. डुंबायची तूही, पण तुझे फक्त गुडघे गेले.) आता दर मंगळवारी, सहा आठवडे, नळीने आत औषध सोडतात. क्षयाच्या लसीच्या जातीचं. सासष्टाव्या वर्षी लस घेतली, आणि तीही कुठून, हे गावात सांगायची सोय नाही. ते दोन तास आत धरायचं, मग संडासात ब्लीच ओतायचं आणि झोपेचं नाव सोडायचं. दर पाऊण तासाने उठावं लागतं. उठून बघावं तर चार थेंब, तेही निखाऱ्यासारखे. चाळीस वर्षं मी कालव्याचे दरवाजे सांभाळले, माझ्या हुकमाशिवाय ओंजळभर पाणी हललं नाही, आणि आता हे.

उपाय सगळ्यांकडे आहेत. नईमा बडीशेपेचा काढा देते, शेजारीण जास्वंदीचं सरबत पाठवते, शेखसाहेब गरम दूध सांगतात. झोप यावी म्हणून लोक जे देतात ते पिण्याचंच का असतं, कोण जाणे. डॉक्टरकडे गोळी मागितली तर म्हणाला, “काका, गोळीने गाढ झोपाल, पण मग उठणार कोण?” मी म्हटलं, “नाही उठलो तरी चालेल.” तो हसला. मी विनोद केला नव्हता.

परवा आपल्या आळीतला मुतवल्ली वारला. मातमाच्या मांडवात गेलो, तर शेजारच्या खुर्चीवर नेमका त्याचा भाऊ बदवी. (अकरा वर्षांपूर्वी मी त्याच्या भाताचं पाणी बंद केलं, तेव्हापासून आमचं बोलणं बंद.) कुराणपठण सुरू झालं, आणि घरी महिनाभर न आलेली झोप तिथे आली. त्याच्याच खांद्यावर डोकं टाकून मी दीड तास घोरलो. तो हलला नाही. भावाच्या दुखवट्याला आलेल्यांना त्याने म्हणे बसूनच हात दिला, तोही डावा.

जागा झालो तेव्हा झगा भिजलेला होता, ताई. सगळा. बदवीने बघितलं, आपली खांद्यावरची लोकरी अबाया काढून माझ्या कमरेला गुंडाळली आणि म्हणाला, “ऊठ. कॉफी सांडली म्हणू.”

“एवढी कॉफी?”

“कप मोठा होता.”

घरापर्यंत तो माझ्या मागे मागे चालत आला, कुणाला दिसू नये म्हणून. आता गाव म्हणतं, दोघांचं जमलं. मी मात्र न्हाणीघरात कडी लावून रडलो. मला मरणाची भीती नाही. मधल्या दिवसांचं काय करायचं, ते कळत नाही.

तुझा,
रफअत

ता. क. गेल्या मंगळवारी पाचवी खेप होती. मी गेलो नाही. स्टेशनच्या बाकावर दुपारपर्यंत बसलो आणि परत आलो. नईमाने विचारलं, “फार दुखलं का?” म्हटलं, “रोजच्यासारखं.” तू येशील का? समजूत घालू नकोस, नुसती बरोबर चल. नईमाला यातलं काही कळू देऊ नकोस.

ता. क. वन्सं, मी नईमा. पत्र टपालात टाकायला यांनी माझ्याच हातात दिलं, पाकीट न चिकटवता. दवाखान्यातून मंगळवारीच फोन आला होता. राहिलेली खेप या मंगळवारी देतो म्हणाले. मी यांना काही बोलले नाही, तुम्हीही बोलू नका. सोमवारी या. ते पाऊण तासाने उठतात तेव्हा मीही जागीच असते, डोळे मिटून. दोन रात्री तुम्ही त्यांच्या खोलीत निजा. मला एकदा सलग झोपायचं आहे.