पेल्यात बोट

ती. आई,

तुझ्या पायांवर डोकं, आणि दुखऱ्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार.

मी मजेत आहे. असा उन्हाळा इथल्या म्हाताऱ्यांनीही कधी पाहिला नव्हता, म्हणून दवाखान्यानं मला घरोघर फिरायचं काम दिलंय. एकट्या राहणाऱ्यांना विचारायचं, "पाणी प्यायलात का?" आणि वहीत लिहायचं.

पहिला आठवडाभर सगळे 'हो' म्हणाले, आणि मी सगळ्यांपुढे 'हो' लिहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंपुढेही. गुरुवारी त्या शिलाई मशीनवर मान टाकून पडलेल्या सापडल्या. अंग भट्टीसारखं तापलेलं, आणि शेजारचा पेला कोरडा ठणठणीत. वेळेवर पोचले म्हणून वाचल्या. शुद्धीवर आल्यावर म्हणतात कशा, "तू आधीच दमून येतेस, तुला आणखी कशाला घोर?"

तेव्हापासून मी विचारतच नाही, सरळ पेल्यात बोट घालून बघते. "आली गं बाई बोटवाली!" म्हणतात मला.

परवा जिन्यात मलाही जरा गरगरलं, पण ते काही नाही.

सारखं उठायला नको म्हणून तू पाणी कमी पितेस ना? फोनवरचा तुझा तो 'हो' मला आता बरोबर ओळखू येतो. माझं बोट काही तिथवर पोचत नाही. तेव्हा पत्र खाली ठेव, आणि आधी ऊठ.

तुझी,
बोटवाली