लढाईची मुदत

५ मार्च, बुधवार

दोन दिवसांनी कामावर. रजा घेऊन धाकट्याची बांधाबांध केली, त्याला स्टेशनवर सोडलं — सैन्यात ट्रक चालवतो, थेट सीमेपलीकडे पाठवलंय. परत येते तर टेबलावर टपालाचा डोंगर! शिक्का माझ्या खणात, किल्ली माझ्या पर्समध्ये. कोण हात लावणार? सगळ्यावर आजची तारीख मारून मोकळी झाले. आमच्या सभागृहाच्या टपाल शाखेत शिक्का पडला की कागद आला, अशीच रीत आहे.

त्यात सरकारचं पत्रही होतं. सैन्य पाठवले आहे, कळावे. पत्र आल्यापासून साठ दिवस सरकार आपल्या अधिकारात लढू शकतं. पुढे सभागृहाची संमती, नाहीतर माघार. कायदाच आहे तसा.

२१ एप्रिल

सभागृह संमती देत नाही, हे आता शिपाईसुद्धा सांगतो. ३ मेला मुदत संपणार. मी कॅलेंडरवर फुल्या मारतेय. हे म्हणाले, "लढाई तूच थांबवणार वाटतं!"

२४ एप्रिल

आज पोचवही चाळली. ते पत्र सोमवारीच आलं होतं — ३ मार्चला, शिपायाची सही आहे! म्हणजे मुदत १ मेलाच संपते. दोन दिवस मी सरकारला फुकट देऊन बसले.

२५ एप्रिल

सचिवसाहेबांना सांगितलं. "बाई, झाकली मूठ राहू द्या. दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

माझा मुलगा आहे तिथे, म्हटलं. दोन दिवसांत काहीही होतं. आवाज चढला माझा — एकतीस वर्षांत पहिल्यांदा! तिथेच बसून चूक लेखी कबूल केली. लेखी दिल्यावर त्यांना दाबता येईना. लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

२८ एप्रिल

मेमो मिळाला. तारीख दुरुस्त झाली. १ मे पक्की.

१ मे

मुदत संपली. संध्याकाळी माघारीचा हुकूम! धाकट्याचा फोन — "आई, सामान बांधलंय. सकाळी निघतो." मी चक्क रडले. ह्यांनी चहा केला, साखर घालायला विसरले. मी तसाच सगळा प्यायले.

२ मे

साडेदहाला सरकारचं नवं पत्र. सैन्य तेच, सीमा तीच, मोहिमेचं नाव नवं. आजपासून साठ दिवस.

बाराला धाकट्याचा फोन. "आई, अर्ध्या वाटेतून ट्रक परत वळवलेत."