बीपीच्या मशीनचा पारा

स्वप्नील,

आतल्या खोलीत लगेच जाऊ नकोस, रुचितालाही सांग. तुझ्या आईच्या बीपीच्या मशीनमधला पारा माझ्या हातून सांडलाय. मशीन पडलं नाही. झाकण लावून कपाटात ठेवायला उचललं, तर पारा जमिनीवर. खिडकी उघडी आहे, पंखा लावू नका. झाडू तर अजिबात मारू नका, पारा आणखी पसरतो. मोठे थेंब पोस्टकार्डावर घेऊन पाण्याच्या बाटलीत भरलेत. ती बाटली फेकू नका. पलंगाखालचे राहिलेत, माझा गुडघा वाकत नाही. तू काढशील तेव्हा अंगठी आधी काढून ठेव. पारा सोन्याला चिकटतो. माझी लग्नातली पांढरी पडलीय.

आई गेल्यापासून मशीन आज पहिल्यांदाच काढलं. पट्टा एका हाताने कसाबसा बांधला. पारा चढला, उतरला, पण स्टेथोस्कोप लावूनही कानात काही ऐकू आलं नाही.

मी बसने डोंगरीला शांतीबाईंकडे चाललोय. आईबरोबर नर्स होत्या त्या. माझं बीपी बघते म्हणाल्या. फोनवरच विचारलं त्यांनी, "भाऊ, मशीन उजवीकडे कलतं करून, सगळा पारा खालच्या टाकीत उतरल्यावर टाकीचा खटका बंद केला होता ना?"

बावीस वर्षं दर रविवारी तुझ्या आईने माझं बीपी घेतलं. आकडा ऐकला की मी बाही खाली करून चहाला उठायचो. ती मागे काय करत बसायची, ते कधी वळून बघितलं नाही.

बाबा