पायाला लागलेला हात

१४ जानेवारी

सोडली. अकरा वर्षांची नोकरी. दोन-तीन वर्षांत जहाजावर चीफ ऑफिसर झालो असतो — आणि मनिलाच्या कचेरीतल्या बाईंनी कागद माझ्याकडे फिरवला, मी सही केली, संपलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"सर, तब्येत बरी नाही का?"

बरी आहे म्हटलं.

"मग दुसरी कंपनी?"

नाही. ट्रायथलॉन. पोहायचं, सायकल मारायची, धावायचं — एकापाठोपाठ एक. धंदा म्हणून. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच दचकलो. खरंच मी हे मोठ्यांदा बोललो?

घरी जायला इलोइलोच्या विमानात बसलो. वय चौतीस.

१५ जानेवारी

तातायना, म्हणजे वडिलांना, सांगितलं. सुकट तळत होते. तीस वर्षं जहाजांचे डेक घासून घरी बसलेला बाप. पोरगा ऑफिसर झाला तेव्हा गल्लीभर डुक्कर भाजून वाटलं होतं. ऐकून घेतलं. गॅस बंद केला.

"सांतो, मी जन्मभर पाणी वरून पाहिलं. तुला आत उडी मारायची आहे."

जेवले नाहीत.

ज्युवेलिन शाळेच्या वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "एक वर्ष. एक वर्ष मी घर ओढते. त्यानंतर काय म्हणेन ते आत्ता विचारू नकोस." बायको अशी शांत असली की मला जास्त भीती वाटते.

२ फेब्रुवारी

मानोंग पिलोकडे पहिला दिवस. नात्याचा नाही, पण थोरला भाऊ म्हणून मानोंग. हे खूळ माझ्या डोक्यात भरलं तेच त्याने — गेली तीन वर्षं दर सुट्टीत जहाजावरून आलो की त्याच्याबरोबर पोहायचो. बेचाळीस वर्षांचा आहे. इलोइलोच्या हारो भागात सायकल दुरुस्तीचं दुकान, वीस वर्षं शर्यती.

पहाटे खाडीत तीन किलोमीटर, मग सायकल, मग भर उन्हात धावणं. रस्त्याकडेला ओकलो. तो सायकलवरून उतरलासुद्धा नाही.

"सुट्टीत पळत होतास तो खेळ होता, तोतो, पोरा. तोंड पूस. पुन्हा."

२७ फेब्रुवारी

चार किलो उतरलो. ज्युवेलिन विचारते, माझा नवरा कुठे ठेवून आलास?

२० मार्च

दा नांग, व्हिएतनाम. व्यावसायिक गटातली पहिली शर्यत. शेवटून दुसरा! माझ्या मागे जो होता त्याची साखळी तुटली होती.

मी वाईट पोहलो नाही. वाईट धावलोही नाही. माझं सगळं देऊन झालं, आणि ही माणसं बोलत-बोलत पुढे निघून गेली. अजून कानात रक्त वाजतंय. यासाठी सोडलं मी सगळं?

मानोंग पिलो सहावा आला. खोलीत एकच पलंग, तो जमिनीवर झोपला. म्हणे पाठीला बरं. खोटं.

१८ एप्रिल

गुइमारास बेटाच्या चढावर दिवसभर. परतल्यावर मानांग लुझनी — मानोंगच्या बायकोने — फणस घातलेली डाळ आणि डोंगराएवढा भात समोर ठेवला. "खा. हा तुला मारून टाकील, निदान पोटभर खाऊन मर." मानोंग हसत होता. मीही. जहाजावर इतका कधी हसलो नव्हतो.

घरी निघालो तर ताताय धक्क्यावर बसलेले. मासे बघायला आलो म्हणाले. शेजारच्या कोळणीने सांगितलं, रोज सकाळी येतात. मी पाण्याबाहेर आलो की उठतात.

६ जून

सान रुफिनो. उद्या शर्यत. किनाऱ्यावर उभं राहून मानोंग पिलोने झापलं.

"पाण्यात फार सभ्यपणा करतोस तू. कुणाचा धक्का लागला की बाजूला होतोस, वाट देतोस. ते जहाजावर. इथे घोळक्यात कुणी पायाला हात लावला तर लाथ झाडायची आणि निघायचं. वळायचं नाही."

"आणि तो हात तुझा असला तर?"

"तर जोरात झाड. मी रोजच तुझ्या पायांमागे असतो, तुझ्यामागच्या पाण्यात फुकटात ओढला जातो."

७ जून

मी तिसरा आलो. मानोंग पिलो गेला.

८ जून

लिहायला हवं. नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

चाळीसेक जण एकदम पाण्यात. पहिल्या बोयापर्यंत — वळायची खूण म्हणून सोडलेला तरंगता गोळा — नुसती हाणामारी. दुसऱ्या बोयाला वळताना उजव्या घोट्याला हात लागला. नुसता लागला नाही — बोटं आवळली. मी लाथ झाडली. सुटला नाही. पुन्हा झाडली. सुटला. आणि मला बरं वाटलं. हे लिहायलाच हवं. मनात म्हटलं, शिकलास सांतो.

पाण्यातून नववा बाहेर. सायकल उचलली. नव्वद किलोमीटर पाय माझे नव्हतेच, कुणी दुसराच मारत होता.

सायकल परत लावायला आलो, तर शेजारच्या जागेवर मानोंगची सायकल होती. मला वाटलं, म्हातारा वाटेत कुठेतरी मला गाठून पुढे गेला आणि सायकल लावून धावायला लागलाही. म्हणून मी जीव खाऊन धावलो. एकवीस किलोमीटर. प्रत्येक वळणावर त्याची पाठ शोधत होतो. एकाला मागे टाकलं, दुसऱ्याला टाकलं, तो काही दिसेना. तिसरा आलो त्याचा पाठलाग करत.

त्याची सायकल जागची हललीच नव्हती. टायरला धूळसुद्धा नव्हती. कसं दिसलं नाही मला?

डॉक्टरांच्या तंबूपाशी मानांग लुझ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर त्याचे धावायचे बूट. मी घामाने निथळत, गळ्यात पदक. त्यांनी पदकाकडे पाहिलं.

"त्याला सांगायला हवं," म्हणाल्या.

मानोंग दुसऱ्या बोयाच्या पुढे पालथा तरंगताना सापडला. हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले. दावाव शहराच्या आणखी एकाला त्याआधी पाण्यातून होडीत घेतलं होतं, तो इस्पितळात बेशुद्ध आहे. मला तेव्हा काही ऐकूच येत नव्हतं.

दुसरा बोया.

१० जून

हारो. मानोंग घरातच, शवपेटीच्या काचेच्या झाकणाखाली. शर्यतीचा सदरा घातलाय. अंगणात माणसं पत्ते खेळतात, बिस्किटं, कॉफी. मयत घरात असेपर्यंत जमीन झाडायची नाही, त्यामुळे सगळीकडे कागद आणि भुईमुगाची टरफलं.

मानांग लुझनी हात धरला. "पाण्यात तो तुझ्याच मागे असणार. काही बोलला का रे?"

नाही म्हटलं.

जहाजावर दर महिन्याला कवायत असायची — माणूस पाण्यात. ज्याला दिसला त्याने ओरडायचं, बोट दाखवायचं आणि डोळा हलवायचा नाही. दुसरं काही नाही, फक्त डोळा हलवायचा नाही. अकरा वर्षं ती कवायत मीच घेतली. खलाशांना ओरडलो आहे, नीट करा म्हणून.

१३ जून

ज्युवेलिनला सांगितलं. तिने भांडं खाली ठेवलं.

"चाळीस माणसं होती. हात त्याचाच कशावरून?"

तीन वर्षं माझ्या पायांमागे तोच असतो, म्हणून. आदल्याच दिवशी किनाऱ्यावर तेच म्हणाला होता, म्हणून. तिला पटलं असावं. तिने भांडं पुन्हा हातात घेतलं.

तातायनी आतून ऐकलं. बाहेर येऊन बसले. त्यांच्या तरुणपणी एक स्वयंपाकी जहाजावरून पडला होता, त्याची गोष्ट सांगायला लागले. "सात तास फिरलो आम्ही त्याच जागी. नाही मिळाला. समुद्राच्या मनात असेल तर कुणाचं काही चालत नाही, बाळा."

समजूत काढत होते. पण ते सात तास फिरले.

१४ जून

पुरलं. खांदा दिला.

२५ जून

पाण्यात उतरलो नाही. सायकलच्या टायरमधली हवा गेली आहे. भरली नाही.

कंपनीचा फोन. ऑगस्टमध्ये जहाज आहे, माणूस कमी पडतोय, सर येता का? विचार करतो म्हटलं. विचार करण्यासारखं काय उरलंय?

५ जुलै

मानांग लुझकडे गेलो. दुकान उघडून बसल्या होत्या, एका मुलीच्या सायकलचं पंक्चर काढत होत्या. तेही त्यांना येतं, मला ठाऊक नव्हतं. मुलगी जाईपर्यंत थांबलो. मग सगळं सांगितलं. हात, दोन लाथा, आणि नंतर बरं वाटलं तेही.

त्यांनी बादलीत हात धुतले. सावकाश. पुसले.

"घरी जा, सांतो."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ जुलै

कंत्राटाचे कागद भरले. पंचवीसला मनिलात वैद्यकीय तपासणी. ज्युवेलिनला सांगितलं. तिने शाळेच्या डब्याला झाकण लावलं आणि म्हणाली, "वर्ष झालं नाही अजून."

२४ जुलै

मानांग लुझचा निरोप — ताबडतोब ये. गेलो. स्वयंपाकघरात एक माणूस बसला होता. चाळिशीचा, गाल आत गेलेले, हातावर सुयांचे डाग. दावावचा अँसेल्मो. महिनाभर नळीवर श्वास घेत होता, परवा घरी सोडलं. शुद्धीवर आल्यावर कुणीतरी मानोंगचा फोटो दाखवला, म्हणून थेट इथे आला.

"दुसऱ्या बोयाला माझे पाय पेटक्याने आखडले," तो सांगत होता. आवाज खरखरीत. "पाणी गिळलं. समोरच्याचा घोटा धरला, पण तो सुटून गेला. त्याच्या मागचा थांबला. मला उताणा केला, मानेखाली हात घातला, होडीला हाक मारली. मला वर घेतलं तेव्हा होडीवाल्याने त्यालाही विचारलं — चढता का? नको म्हणाला, माझा एक जण पुढे गेलाय, त्याला गाठायचंय. सगळ्यांच्या टोप्या सारख्या, होडीवाल्यांना काय कळणार कोण ते. मी तोंड पाहिलं होतं."

मानांग लुझ माझ्याकडे पाहत होत्या.

मी म्हटलं, "पहिला मी. ज्याचा घोटा धरलास तो."

अँसेल्मोने माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "दुखलं का हो? मी फार घट्ट धरलं होतं."