एका घराचे दोन फॉर्म

प्रिय दादा,

पाकीट बघून वहिनी म्हणेल, हातात फोन असताना हिला लिहायचं खूळ कुठून सुचलं? फोनवर तू मला पहिल्या वाक्यालाच तोडतोस, मग मी भडकते आणि मुद्दा बाजूलाच राहतो. कागदाला मध्येच बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

सध्या आमच्या ऑफिसात खाण्याच्या तेलाची पाहणी चालू आहे. घरोघरी जाऊन विचारायचं, गेल्या तीस दिवसांत तेल किती लागलं, विकत किती घेतलं, कुणी दिलेलं किती. शहराचे फॉर्म वेगळे, गावांचे वेगळे. डोकं पिकलंय माझं. माणसं एक वेळ वय खरं सांगतील, पण तेल नाही. शहरात डॉक्टरने दटावलेलं असतं, म्हणून सगळे कमी सांगतात. एका वकीलबाईंनी पाच माणसांना महिन्याला अर्धा लिटर सांगितलं, आणि मागे कढईत तळण चाललेलं! गावात उलटी तऱ्हा. शेजारीण दारात उभी असली की पाच लिटरच्या खाली कुणी उतरायला तयार नाही, फळीवर मात्र एवढीशी बाटली. शेवटी शेवटी मी तोंडाकडे बघणंच सोडलं होतं, शेगडीमागची भिंत किती तेलकट आहे ते बघायचे आणि मनाशी काय ते समजायचे.

गेल्या महिन्यापासून माझी पायपीट बंद झाली. साहेबांनी टेबलावर बसवलंय, भरून आलेले फॉर्म तपासायला. पगार तोच, वर पाठदुखी फुकट. नवीन आलेल्यांना पहिला धडाही मीच देते: कुटुंब म्हणजे काय. एका छपराखाली राहतात ते आमच्या लेखी कुटुंब नव्हे, एका चुलीवर जेवतात ते कुटुंब. मायलेक एका घरात राहून वेगवेगळं शिजवत असतील तर कुटुंबं दोन आणि फॉर्मही दोन. हे वाक्य मी इतक्यांदा घोकून घेतलंय की झोपेतसुद्धा म्हणेन.

मंगळवारी आपल्या गावाचा गठ्ठा आला. नात्यातल्या घरी आपण विचारायला जायचं नाही, असा नियम आहे. म्हणून तिकडे माझ्याऐवजी ऑफिसातले चष्मेवाले गृहस्थ गेले होते. तपासायला फॉर्म कुणाच्या टेबलावर यावा, याचा मात्र नियम नाही. आपली गल्ली, सुताराचं घर, माणसं चार, तेल चार लिटर. मी म्हटलं, तू, वहिनी, दोन मुलं, आणि आई कुठे गेली? पान उलटलं. पुढचा फॉर्म, पत्ता तोच. माणसं एक. बाई, वय एकाहत्तर, तेल पाव लिटर.

मला वाटलं, चष्मेवाल्यांनी घोळ घातला. मी तणतणत त्यांच्याकडे गेले आणि सगळ्यांदेखत त्यांना झापलं. त्या गरीब बिचाऱ्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, आजींची शेगडी तीन महिन्यांपासून मागच्या खोलीत आहे, तुमच्या दादांच्या रंध्याच्या भुशाशेजारी. मी स्वतः बघितली. मग मी जागेवर येऊन बसले आणि दुपारपर्यंत एक कागद हलवला नाही. संताप संताप झाला. दर रविवारी मी फोनवर विचारते, आई जेवली का, आणि तू सांगतोस, आत्ताच आमच्याबरोबर उठली. तीन महिने! कुठल्या तोंडाने सांगत होतास रे? फॉर्ममधलं बाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी सही करून मी नोकरीला लागले आहे. साहेबांना हे पत्र कळलं तर माझी धडगत नाही. तरी लिहितेय, यावरून समज.

बुधवारी आईला फोन केला. आधी म्हणाली, काही झालेलंच नाही. मग म्हणाली, मला पथ्य आहे. मी म्हटलं, शनिवारच्या गाडीने येते आणि तुला इकडे घेऊन जाते, तर माझ्यावरच उखडली. म्हणाली, मी इथून हलले की सगळं गाव म्हणणार, मुलाने म्हातारीला बाहेर काढलं. तुझी अब्रू झाकायला ती पाव लिटर तेलात महिना काढतेय आणि मला म्हणते, तू यात पडू नकोस. मी रडायला लागले, तेव्हा कुठे तिने सुरुवातीपासून सांगितलं. ते ऐकलं आणि तुझ्यासाठी घोळवून ठेवलेल्या शिव्या मला गिळाव्या लागल्या.

तीन महिन्यांपूर्वी सुट्टीत मी आले होते, तेव्हा वहिनीच्या शेगडीशी उभी राहून मी अक्कल पाजळली होती. आठवतंय? तेलाचा डबा हलवून म्हणाले, एवढ्यात शहरातली दोन घरं निघतील, जरा आईसारखं हात राखून ओतायला शिका. मला वाटलं, मी माहिती देतेय. मी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी वहिनीने आईपुढे वेगळी बाटली ठेवली, म्हणाली, तुमच्या लेकीच्या मापाने तुम्ही शिजवा. आणि आपली आई, नाकावर माशी न बसू देणारी, बाटली उचलून मागच्या खोलीत गेली. काडी मी टाकली, दादा. तू विझवली नाहीस, ही तुझी चूक आहेच, पण काडी माझी. म्हणून हे पत्र तुला लिहिलं तरी वहिनीला वाचून दाखव. तिला सांग, चिंगी चुकली, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मोजमाप करायचा तिला काही अधिकार नव्हता. तिने मला हवं ते बोलावं, मी ऐकून घेईन. आणि आईला काही विचारत बसू नकोस, विचारलंस तर ती म्हणेल, माझं बरं चाललंय. मागच्या खोलीतून तिचं ताट आण, तुमच्या ताटांशेजारी मांड, आणि ती येऊन बसेपर्यंत कुणी जेवायला सुरुवात करू नका.

तुझीच,
चिंगी